मेडिकलच्या काउंटरवर तेरावा अध्याय

मी ज्ञानेश्वरी हातात घेतली ती मोतीबिंदूमुळे. तोही माझा नव्हे, सासऱ्यांचा. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामा एसटीत ड्रायव्हर होते, सासवड डेपोतून निवृत्त झाले. गळ्यात माळ आहे, आणि पहाटे पोथी झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही हा नियम माझ्या लग्नाच्याही आधीचा. 2020 च्या मार्चअखेरीस त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, 25 पासून देशभर टाळेबंदी लागली आणि तातडीची नसलेली ऑपरेशनं सगळीकडे पुढे ढकलली गेली. मामांना मोठ्या टायपाची पोथीसुद्धा दिसेना. काही दिवस त्यांनी पाठ असलेल्या हरिपाठावर काढले. मग एका पहाटे स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "पोरी, तू वाच. मी ऐकतो."

नाही म्हणायला माझ्याकडे कारणं भरपूर होती. मी बी. फार्म. आहे, बाजारपेठेत आमचं छोटं मेडिकल आहे, आणि त्या दिवसांत गावात उघडी असलेली दुकानं बोटांवर मोजण्याइतकी. घरचे अंजिराच्या बागेत अडकलेले. हंगाम ऐन भरात, आणि अंजीर काही थांबत नाही, तोडलं की लगेच मऊ पडायला लागतं. बाजार बंद. घरात सगळ्यांचंच डोकं फिरलेलं. त्यात देवधर्माचं मला फारसं कधी नव्हतं. तरी बसले. मामांचा चहा अडायला नको, एवढाच त्यामागचा विचार होता.

मामांचं वाचन तेव्हा बाराव्या अध्यायाशी आलेलं. म्हणजे मी सुरुवात केली ती ग्रंथाच्या मधूनच. त्यांची प्रत साखरेमहाराजांची सार्थ, ओवीखाली अर्थ दिलेला. मी पहिल्याच दिवशी ओवी भराभर म्हणून अर्थावर उडी मारली. मामांनी हात वर केला. "आधी ओवी दोनदा. मग गप बसायचं. मग अर्थ." मी म्हटलं, मामा, सातला दुकान उघडायचंय. तर म्हणाले, "दिवे घाटात टॉप गिअर टाकतं का कोणी?"

तर आमचा वेग असा ठरला: रोज दहाएक ओव्या, प्रत्येक दोनदा, मध्ये थांबा. सुरुवातीला त्या थांब्यात माझ्या डोक्यात हिशेब चालायचे. सॅनिटायझर किती आले, मास्कचा स्टॉकिस्ट आज तरी फोन उचलेल का, मधुमेहाच्या गोळ्या किती दिवस पुरतील. सात-साडेसातशे वर्षांपूर्वीची मराठी मला निम्मी कळत नव्हती. पण निम्मी कळत होती, याचंच नवल वाटायचं. ग्रंथाच्या शेवटी लेखनाचं साल दिलंय, शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. एका संन्याशाचं पोर म्हणून गावाने वाळीत टाकलेला, विशीही न गाठलेला मुलगा नेवाशात बसून हे सांगत होता. त्यानंतर सहा वर्षांनी, 1296 मध्ये, आळंदीला त्याची समाधी, आणि त्याच साली देवगिरीवर अलाउद्दीनची स्वारी. "आताचे दिवस फार वाईट" असं मी कधी म्हणाले की मामा हे ऐकवायचे. मला त्याने दिलासा मिळायचा नाही, उलट थोडा रागच यायचा. पण तक्रारीचा सूर उतरायचा खरा.

इकडे दुकानात वेगळंच पारायण चालू होतं. कोविडवरचं औषध म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं नाव टीव्हीवर आलं आणि दोन दिवसांत ज्यांना साधा ताप नाही अशी माणसं स्ट्रिपा मागायला लागली. 26 मार्चला सरकारने ते औषध शेड्यूल एच-1 मध्ये टाकलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही आणि प्रत्येक विक्रीची नोंदवहीत वेगळी नोंद. संधिवाताच्या जुन्या पेशंटना ते रोज लागतं. त्यांच्यासाठी मी काही स्ट्रिपा बाजूला काढून ठेवल्या होत्या आणि त्यावरून काउंटरवर रोज भांडणं. मास्क लावलेला, समोर प्लास्टिकचा पडदा टांगलेला, रस्त्यावर खडूने गोल आखलेले, त्या गोलात उभं राहून माणसं ओरडायची आणि आतून मी ओरडायचे. रात्री घसा बसलेला असायचा.

मे महिन्यात तेराव्या अध्यायात अहिंसेच्या ओव्या लागल्या. गीतेत हा शब्द ज्ञानाची लक्षणं सांगताना इतर शब्दांच्या रांगेत नुसता येऊन जातो. ज्ञानदेव मात्र त्याच्यापाशी शंभराहून जास्त ओव्या थांबतात. सुरुवातीलाच एक दणका माझ्याच धंद्याला. आयुर्वेदाचं उदाहरण घेऊन ते म्हणतात, रोगाने तळमळणारे जीव पाहून त्यांची पीडा टळावी म्हणून चिकित्सा निघाली; पण त्या चिकित्सेने आधी काय केलं, तर एकाचे कंद खणले, एकाला मुळापानांसकट उपटलं. जिवासाठी जीवघात. मी वाचता वाचता थांबले आणि मामा मिशीत हसले. त्यांना ठाऊक होतं पुढे काय येतंय.

पुढे येतं चालणं. अहिंसक माणूस ओळखायचा कसा, तर त्याच्या विचारांवरून नाही, आधी त्याच्या पायांवरून:

तरंगु नोलांडितु । लहरी पायें न फोडितु ।
सांचलु न मोडितु । पाणियाचा ॥
वेगें आणि लेसा । दिठी घालूनि आंविसा ।
जळीं बकु जैसा । पाउल सुये ॥

पाण्यात बगळा भक्ष्यावर नजर ठेवून चपळ आणि तरी इतकं अलगद पाऊल टाकतो की लाट फुटत नाही. कऱ्हेच्या पात्रात मी हे लहानपणापासून पाहिलेलं. मग कमळावर पाय ठेवणारा भुंगा येतो, केसर चुरगळेल की काय या धास्तीने हलका झालेला. आणि मग:

तैसे परमाणु पां गुंतले । जाणूनि जीव सानुले ।
कारुण्यामाजीं पाउलें । लपवूनि चाले ॥

मामांनी ही ओवी तीनदा म्हणायला लावली. चौथ्यांदा मी आपणहून म्हटली. पुढे पिल्लाला दातात धरून नेणारी मांजर आहे: दात तेच, पण पिल्लाला ते लागतात कसे! मला मांजर जास्त पटली. बगळा-भुंग्याइतकं नाजूक व्हायला वेळ कुणाला होता. पण दात असतानाही ते न रुतवणं, हे दुकानात बसून जमण्यासारखं वाटलं.

इथे एक सांगते. त्या आधी मी कमी पुस्तकं वाचली होती असं नाही. स्वारगेटच्या स्टॉलवरून घेतलेली यशाची, सकारात्मकतेची, वेळेच्या नियोजनाची पुस्तकं आमच्या कपाटात एक अख्खा कप्पा भरून आहेत. ती सगळी माझ्या विचारांशी बोलायची: असा विचार कर, तसा करू नकोस. आणि विचार हीच अशा दिवसांत सगळ्यात बेभरवशाची गोष्ट. दुपारी एक मृत्यूची बातमी आली की सकाळचे विचार गेले. ज्ञानदेव मला थेट पावलं कशी टाकायची ते सांगत होते. मग बोलायचं कसं. मग पाहायचं कसं. मग हात. मन सगळ्यांत शेवटी येतं. हा क्रम मला फार शहाणा वाटला, अजूनही वाटतो.

पायांचं काय झालं? काही नाही, शटर हळू ओढायला लागले. आमचं शटर जुनं आहे, पूर्वी ते दणकन खाली यायचं आणि वरच्या मजल्यावरचं बाळ उठायचं. ड्रॉवर ढकलून बंद करायची सवय होती, ती सुटली. मामा संध्याकाळी विचारायचे, "आज ड्रॉवर वाजला का?" जसं पोराला गृहपाठ विचारावा. मला हसू यायचं, पण दिवसभर तो ड्रॉवर लक्षात असायचा. आणि ड्रॉवर लक्षात असला की पलीकडे उभं असलेलं माणूसही लक्षात राहायचं.

खरा फरक पडला तो बोलण्याच्या ओव्यांनी.

तंव बोलणेंचि नाहीं । बोलों म्हणे जरी कांहीं ।
तरी बोल कोणाही । खुपेल कां ॥

आधी तो बोलतच नाही. बोलावंसं वाटलंच तर आधी मनात येतं, आपला शब्द कुणाला खुपणार तर नाही? आता मेडिकलमध्ये शब्द खुपतो म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला लवकर कळायचं नाही. औषधाचं नाव म्हणजे आजाराचं नाव. फिटच्या गोळ्या, टीबीच्या गोळ्या, झोपेच्या, डिप्रेशनच्या. एरवी आम्ही काउंटरवर वाकून हळू बोलतो. पण प्लास्टिकच्या पडद्याने आणि खडूच्या गोलांनी ते वाकणंच बंद केलेलं. सगळा व्यवहार मोठ्याने, रांगेतल्या प्रत्येकाच्या कानावर. आणि ते दिवस असे, की मुंबईहून गावी परतलेल्या माणसाला शाळेच्या खोलीत ठेवत होते, त्याच्या घरच्यांना दूधवाला चुकवत होता. एखाद्याने तापाची आणि व्हिटॅमिन सीची गोळी एकत्र मागितली तरी मागची दोन माणसं गोल सोडून लांब सरकायची. मी ते रोज पाहत होते.

त्या ओवीच्या दुसऱ्या दिवशी मी एक जुना स्टीलचा ट्रे पडद्याखालच्या फटीतून बाहेर सरकवला. चिठ्ठी ट्रेमध्ये ठेवायची, काही विचारायचं असेल तर तिच्याच मागे पेन्सिलने लिहायचं. मी औषधं खाकी पाकिटात घालून, कशी घ्यायची ते पाकिटावर लिहून परत सरकवणार. नाव पुकारायचं नाही, औषध पुकारायचं नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याशी दुपारी, गर्दी नसताना, फोनवर बोलायचं. माझ्या हाताखालच्या मुलाला हे उगाच वाढवलेलं काम वाटलं आणि पहिले काही दिवस गोंधळही झाला. पण दुकानातला आवाज उतरला. माझा घसा सुटला. महिनाभराने एक बाई, जिच्या नवऱ्याच्या मानसिक आजाराची औषधं ती इतकी वर्षं मुद्दाम पुण्याहून आणायची, ती चिठ्ठी घेऊन आमच्या ट्रेपाशी आली. काही बोलली नाही. तिची औषधं आजही आमच्याकडून जातात.

हे ज्ञानेश्वरीमुळे झालं असं मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी नमस्कार केला असता, आणि मला तो नको होता. त्यावरून आठवलं. जुलैमध्ये औषध दुकानदारांवर सन्मानपत्रांचा पाऊस पडला. कोविड योद्धा! ओळखीची-बिनओळखीची मंडळं व्हॉट्सॲपवर रंगीत प्रमाणपत्रं पाठवत होती, नाव घालून, फोटो घालून. एक मी मामांना हौसेने वाचून दाखवलं. योगायोग म्हणा, नाहीतर मामांनी मुद्दाम घडवून आणलं म्हणा, दुसऱ्या दिवशी पोथीत अज्ञानाची लक्षणं सुरू झाली. त्यातलं पहिलंच: जो प्रतिष्ठेवर जगतो, मानाची वाट पाहतो, सत्काराने खूश होतो. त्याच्या ठायी अज्ञान पुरेपूर आहे. मी वाचून वर पाहिलं. मामा डोळे मिटून, अगदी निर्विकार. मी प्रमाणपत्र फोनमधून काढून टाकलं नाही, पण दुकानात लावायचं ठरवलं होतं ते राहिलं.

त्याच्या थोडं आधीची गोष्ट. दरवर्षी आषाढात माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते, दोन रात्री मुक्काम करते; इथूनच सोपानकाकांची पालखीही निघते. त्या दोन दिवसांत आमचं दुकान रात्रभर उघडं. पायांचे फोड, अंगदुखीचं मलम, जुलाबासाठी ओआरएस, पट्ट्या. त्या वर्षी वारी पायी निघालीच नाही. 30 जूनला पादुका एसटीने, मोजक्या माणसांसह पंढरपूरला नेल्या. मामा अस्वस्थ असतील असं मला वाटलं होतं. ते टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले, अंधुक दिसत होतं तेवढ्यावर बस न्याहाळत होते. म्हणाले, "ड्रायव्हर कोण असंल? त्या पोराला झोप आली नसंल रात्री." मग खूप वेळाने, "आयुष्यभर गाडी चालवली, पण अशी ड्यूटी नाही लागली कधी."

दुपारी दुकानात कुणी फिरकायचं नाही. त्या वेळात मी विनोबांची 'गीताप्रवचने' वाचायला घेतली, तीही मामांचीच. धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी 1932 पासून 19 जूनपर्यंत दर रविवारी एक अध्याय अशी विनोबांनी अठरा प्रवचनं दिली आणि सहकैदी असलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. नाहीतर आज ती आपल्या हाती आलीच नसती. बंद भिंतींच्या आत, बाहेर काय चाललंय याची धड बातमी नाही, आणि तरी दर रविवारी शांतपणे पुढचा अध्याय. टाळेबंदीत ते वाचताना वेगळंच भिडलं. विनोबांची भाषा सरळ, उदाहरणं घरातली. मामांच्या पोथीपुढे मला हे पुस्तक सुट्टीसारखं वाटायचं.

सहाव्या अध्यायात ते चित्ताच्या एकाग्रतेबद्दल बोलतात आणि लगेच म्हणतात की त्यासाठी आधी जीवनात परिमितता हवी. सगळं मोजकं, मापात. औषधवालीला माप शिकवायला नको. पाच मिली म्हणजे पाच मिली. पण बातम्यांचं माप मी कधी घेतलंच नव्हतं. दुकानातला टीव्ही दिवसभर चालू, हातात फोन, त्यात आकडे, काढे, अमुक रस प्यायल्याने विषाणू मरतो वगैरे. मी टीव्हीचा प्लग काढला. बातम्या सकाळी एकदा, रात्री एकदा, त्याही छापील किंवा रेडिओच्या. औषधांबद्दलचं सरकारी परिपत्रक मात्र आलं की लगेच वाचायचं, कारण ते कामाचं. दुकानात टीव्ही नसल्याची तक्रार फक्त समोरच्या सलूनवाल्याने केली. त्याचं दुकान बंद होतं आणि तो आमच्या पायरीवर बसून बघायचा. त्याच्यासाठी संध्याकाळी थोडा वेळ लावायचे.

आता एप्रिल 2021. याबद्दल लिहायला हात धजत नाही, पण त्याशिवाय हे लिहिणं अर्धवट राहील. मामांचं ऑपरेशन हिवाळ्यात उरकलं होतं, ते स्वतः वाचू शकत होते, तरी पहाटेचं बसणं आम्ही चालू ठेवलं होतं. 14 एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा निर्बंध लागले आणि त्याच आठवड्यांत कोविडच्या रुग्णांना देत असलेल्या रेमडेसिविर इंजेक्शनसाठी ती वणवण सुरू झाली. पुणे जिल्ह्यात ते इंजेक्शन किरकोळ दुकानांतून बंद करून थेट रुग्णालयांना द्यायचं ठरलं. म्हणजे माझ्याकडे ते असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी माणसं यायची. रात्री दोनला शटर वाजवायची. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच सांगितलं होतं की या औषधाने मृत्यू टळतात असा पुरावा दिसत नाही. ते मला माहीत होतं. ज्याचा बाप व्हेंटिलेटरवर आहे त्याला मी हे सांगू? ट्रे तसाच होता, पण त्या दिवसांत ट्रेमध्ये चिठ्ठ्यांऐवजी माणसं हात ठेवायची.

मग माझ्या मामेभावाचा फोन आला, त्याच्या बायकोने केलेला. आणि ज्या मी महिनाभर सगळ्यांना "रुग्णालयातूनच मिळेल, बाहेर शोधू नका" सांगत होते, ती मी वही काढून एकामागून एक स्टॉकिस्टना फोन लावायला लागले. 'गीताप्रवचने'च्या पहिल्याच अध्यायात एका न्यायाधीशाची गोष्ट आहे. शेकडो जणांना त्याने फाशी सुनावलेली. एके दिवशी स्वतःचा मुलगाच खुनाच्या आरोपाखाली समोर उभा राहिला आणि त्याला एकदम फाशीची शिक्षा अमानुष वाटायला लागली. अर्जुनाचं तसंच झालं, असं विनोबा म्हणतात. मी फोन लावता लावता हे आठवत होते. आठवलं म्हणून फोन थांबवले का? नाही थांबवले. भाऊ होता तो.

पण एक झालं. त्या फोनांतून जे कळत गेलं ते सगळं, म्हणजे नियंत्रण कक्षाचा नंबर, रुग्णालयाने मागणी कशी नोंदवायची, कागद कुठले लागतात, ते मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून शटरला बाहेरून लावलं. माझ्या भावासाठी शोधलं ते रात्री दोनला येणाऱ्यालाही दिसावं म्हणून. रोज ते पुसून नवं लिहायला लागायचं, कारण नंबर बदलायचे, लागायचे नाहीत. भावाला इंजेक्शन मिळालंच नाही. तो वाचला. पुठ्ठ्यावरचा नंबर लिहून घेणाऱ्या किती जणांची माणसं वाचली, ते मला कधी कळणार नाही. काहींची वाचली नाहीत, ते कळलं. कारण तीच माणसं नंतर उरलेली औषधं परत करायला आली.

त्या महिन्यात पहाटेचं वाचन बऱ्याचदा बुडालं. मी सतरंजीवर बसून झोपून जायचे. मामा मला उठवायचे नाहीत, स्वतः हळू आवाजात वाचत राहायचे. त्यांच्या एसटीतल्या जोडीदारांच्या जाण्याच्या बातम्या येत होत्या. एकदा त्यांनी पोथी मिटवली आणि म्हणाले, "आज नको." मी काही विचारलं नाही.

ओळखीच्या एका तरुण डॉक्टरांनी मार्कस ऑरेलियसचं आत्मचिंतन वाचायला दिलं होतं. रोमचा सम्राट, राज्यात साथ पसरलेली, आणि हा डॅन्यूबच्या काठी लष्करी छावणीत बसून स्वतःलाच सूचना लिहितोय. मी अर्धं वाचून परत केलं. भिंतीला पाठ टेकून एकट्याने लढणाऱ्या माणसाचं पुस्तक आहे ते. माझं दुकान तर सदा माणसांनी भरलेलं. एक मात्र त्यातलं ठेवून घेतलं: सकाळी उठल्यावर तो स्वतःला बजावतो की आज मला लुडबुड करणारी, कृतघ्न, उद्धट माणसं भेटणार आहेत. हे कुठल्याही मेडिकलवाल्याला पटेल.

आणि दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. निवृत्त शिक्षिका असलेल्या एका गिऱ्हाईक बाईंनी दुसरी लाट ओसरल्यावर आणून दिलं. मराठी महिन्यांप्रमाणे झाडं, पानं, फुलं, आभाळ. मला आधी वाटलं, इतकी माणसं गेल्यावर हे पालवीचं कौतुक कशाला? बाईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, हे लिहिणारी बाई 1975 ला कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाची अध्यक्ष होती, आणीबाणीविरुद्ध उघड बोलली आणि पुढे तुरुंगात गेली. पालवी बघणारे डोळे दुसरंही नीट बघतात. मग मी वाचलं, जो महिना चालू असेल त्याच महिन्याचं, पुढचं पान उलटायचं नाही असं ठरवून. दुकानासमोरच्या कडुनिंबाला चैत्रात फुलं येतात आणि काउंटरवर बसल्याबसल्या त्यांचा वास येतो, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. औषधांच्या वासात तो हरवत असेल म्हणा.

आता मास्क गेले, पडदा गेला, खडूचे गोल पहिल्याच पावसात गेले. ट्रे आणि खाकी पाकिटं ठेवली आहेत. मामांबरोबरचं बसणं चालू आहे. अठरावा संपला आणि आम्ही पहिल्यापासून परत सुरुवात केली, कारण माझे पहिले अकरा अध्याय राहिलेच होते. गिऱ्हाइकांपैकी कुणाकुणाला हे माहीत झालंय. परवा एक मुलगी आली, बँकेत काम करते, वडील त्या एप्रिलमध्ये गेले. म्हणाली, काकू, मलाही वाचायचंय, पण नऊ हजार ओव्या बघूनच धीर होत नाही, कुठून सुरू करू? मी म्हटलं, बाराव्यापासून कर. 247 ओव्या आहेत, रोज दहा घेतल्या तर महिन्याच्या आत होतो, भाषाही सोपी वाटते. मामा आत गोळ्यांचे रिकामे खोके दाबत बसले होते. तिथूनच ओरडले, "असं कसं मधूनच? 'ॐ नमो जी आद्या'पासून सुरुवात करायची!" मी म्हटलं, मामा, मला तुम्हीच बाराव्यापासून बसवलं होतंत. "ते माझ्या मोतीबिंदूनं," मामा म्हणाले. मुलगी दोघांकडे पाहत राहिली. शेवटी तिने बिलाच्या मागे दोन्ही लिहून घेतलं आणि विचारलं, पोथी सासवडात कुठल्या दुकानात मिळेल.